आरएक्स १००चा दुसरा गिअर उडतो : गिअरबॉक्स घरी खोलायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा : १९९४ची यामाहा आरएक्स १००. दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला की 'खट्' होऊन गिअर उडतो आणि इंजिन मोकळं फिरतं. पहिला, तिसरा, चौथा ठीक. मेकॅनिक 'फुल इंजिन करावं लागेल' म्हणतो. तो वाढवून सांगतोय का, आणि घरी जमेल का?

तो वाढवून सांगत नाहीये. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीमागे वेगळा बोल्ट केलेला असतो. आरएक्समध्ये क्रँक आणि गिअर एकाच केसमध्ये आहेत आणि ती केस उभी, डावी-उजवी अशी दोन भागांत फुटते. सिलिंडर त्या दोन्ही भागांवर बसलेला, म्हणून हेड आणि ब्लॉक उतरवल्याशिवाय गिअरपर्यंत हात पोचत नाही. घरी मात्र नक्की जमतं. इंजिन हलकं आहे, व्हॉल्व्ह-टायमिंगची भानगड नाही. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. आरएक्स टू-स्ट्रोक आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये केसच्या क्रँककडच्या भागात पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, त्यामुळे तिथली प्रत्येक फट कार्ब्युरेटरशिवायची हवा आत घेते. गिअर बसवण्यात चूक झाली तर पुन्हा खोलता येतं. जॉइंट किंवा क्रँकचं सील चुकलं तर पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून गिअरच्या कामात निम्मं लक्ष सीलकडे असू द्या.

खोलण्याआधी तासभर बाहेरून तपासणी करा. गिअरबॉक्सच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या तक्रारी बाहेरच्या निघतात.

सगळ्यात आधी चेन. झिजलेली चेन स्प्रॉकेटचा दात चुकवून उडी मारते तेव्हाही झटका आणि आवाज तसाच येतो. फरक इतकाच की चेन उडी मारून पुन्हा पकडते, गाडी ओढत राहते. गिअर उडाला तर इंजिन मोकळं ओरडत राहतं आणि लिव्हर पुन्हा मारेपर्यंत गाडी ओढत नाही. मग गिअर लिव्हर : शाफ्टवरचे आटे बुजून लिव्हर सैल झाली आहे का, वाकून केसला किंवा फूटरेस्टला टेकते का. लिव्हर टेकत असेल तर गिअर पूर्ण बसतच नाही. मग क्लच : लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिमी ढिलाई हवी. गरम इंजिनवर क्लच दाबून पहिला टाकल्यावर गाडी पुढे रांगत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच सुटत नाहीये, गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

चौथी शक्यता उजव्या कव्हरच्या आत आहे. शिफ्ट ड्रमला (लिव्हर मारली की फिरणारा खाचांचा दंडगोल) प्रत्येक गिअरच्या जागी अडवून धरणारी स्टॉपर लिव्हर आणि तिची स्प्रिंग तिथे असते. स्प्रिंग तुटली किंवा लिव्हरचा रोलर झिजला की गिअर अर्धवट बसतात, मधेमधे खोटे न्यूट्रल लागतात. पण हे सगळ्याच गिअरना होतं. तुमचा एकटा दुसराच उडतो, तोही जोर दिल्यावर. ही खूण डॉग (गिअरच्या चाकांना एकमेकांत अडकवणारे खुंट) आणि फोर्ककडे (चाक सरकवणारा काटा) बोट दाखवते. तरी केस फोडण्याआधी क्लच कव्हर काढून ती स्प्रिंग बघाच, कारण ते काम इंजिन फ्रेममध्ये असताना होतं. किक घसरण्याची तक्रारही याच कव्हरमागे सुटते, तिच्यासाठीही केस फोडायची गरज नाही.

आता दुसरा गिअर नेमका का उडतो ते. बरेच जण 'दात झिजले' म्हणतात. दात बहुतेक वेळा शाबूत असतात. या गिअरबॉक्समध्ये चारही जोड्यांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गिअर टाकला म्हणजे एक चाक शाफ्टवर सरकतं आणि त्याच्या बाजूला असलेले जाड खुंट, म्हणजे डॉग, शेजारच्या चाकाच्या खुंटांत किंवा खाचांत अडकतात. नव्या डॉगच्या बाजू सरळ उभ्या नसतात, मुळाशी किंचित आत कापलेल्या असतात. त्यामुळे जितका जोर पडेल तितकी दोन चाकं एकमेकांना आत ओढून घेतात. कोपरे गोल झाले की हाच जोर उलटा फिरतो आणि चाकांना बाहेर ढकलतो. मग सगळा भार पडतो फोर्कवर. फोर्कचं काम चाक सरकवायचं, धरून ठेवायचं नाही. तो घासतो, तापून निळा पडतो, वाकतो, आणि मग ड्रमची खाचही खराब करतो.

जोर दिल्यावर उडतो म्हणजे डॉगची ओढणारी बाजू गेली. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर उडाला असता तर उलट बाजू. हे लिहून ठेवा, चाक हातात आल्यावर कुठली बाजू बघायची ते कळतं.

हत्यारांत तडजोड चालणार नाही अशी ही सहा : इम्पॅक्ट ड्रायव्हर (केसचे स्क्रू साध्या पेचकसाने सुटत नाहीत, त्यांची डोकी जातात), आरएक्सचा मॅग्नेट पुलर, क्लच हब धरायचं हत्यार, केस फोडायचा सेपरेटर, सर्क्लिपची (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या लॉक-रिंगची) पक्कड आणि १० न्यूटन-मीटरपर्यंत नीट वाचणारा टॉर्क पाना. पुलर आणि सेपरेटर विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या गॅरेजमधून दोन दिवसांसाठी आणलेले बरे.

तेल गरम असताना काढा आणि पांढऱ्या ताटलीत घ्या. राखाडी मलम दिसलं तर ती नेहमीची झीज आहे. नखाएवढे तुकडे, त्रिकोणी कपच्या निघाल्या तर त्या डॉगच्या कोपऱ्याच्या किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याच्या असतात. तेल पेट्रोलचा वास मारत असेल किंवा दर महिन्याला कमी होत असेल तर क्लचकडचं क्रँक सील गेलेलं आहे. गाडी पांढरा धूर टाकते ती याचमुळे, गिअर ऑइल जळत असतं.

इंजिन उतरवण्यात सांगण्यासारखं फार नाही : सायलेन्सर, कार्ब्युरेटर, क्लच केबल, वायरिंगचे सॉकेट, चेन, माउंटिंग बोल्ट. ऑटोल्युब पंप (टूटी ऑइल, म्हणजे पेट्रोलबरोबर जळणारं टू-स्ट्रोक तेल, इंजिनाला पुरवणारा) अजून जोडलेला असेल तर त्या तेलाची नळी बुच लावून बंद करा. एक युक्ती : पुढच्या स्प्रॉकेटची पकड, मॅग्नेटचा नट आणि क्लचचा नट हे इंजिन फ्रेममध्ये घट्ट असतानाच ढिले करून घ्या. स्प्रॉकेटसाठी चेन लावलेली ठेवून चौथा गिअर टाका आणि मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा. प्रायमरी गिअरच्या नटासाठी दोन चाकांच्या दातांत तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घडी घाला, लोखंडी काही नको.

हेड, ब्लॉक, पिस्टन काढताना केसच्या तोंडात चिंधी कोंबा. पिस्टन पिनचं लॉक आत पडलं तर केस फोडेपर्यंत ते सापडत नाही. त्यानंतर उजवीकडून क्लच, प्रायमरी गिअर, किकचा संच, गिअर लिव्हरचा शाफ्ट, स्टॉपर लिव्हर. क्लच बास्केटच्या मागे-पुढे असलेले वॉशर कुठे होते त्याचा फोटो काढा. डावीकडून मॅग्नेट, कॉइल प्लेट, क्रँकवरची छोटी अर्धचंद्री चावी आणि न्यूट्रल स्विच.

केसचे स्क्रू समोरासमोरचे असे पाव-पाव फेऱ्याने ढिले करा. पुठ्ठ्यावर केसची बाह्यरेषा काढून भोकं पाडा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खुपसून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आटे फोडतो. आखूड स्क्रू लांब जागी गेला तर दोन-तीन आट्यांवरच पकड राहते. एखादा राहून गेलाय का ते कॉइल प्लेटखालीही बघा.

मग मॅग्नेटची बाजू खाली, क्लचची बाजू वर करून लाकडी चौकटीवर ठेवा आणि सेपरेटरने ओढा. ओढताना शाफ्टच्या टोकांवर रबरी हातोडीने हलके मारत राहा, दोन्ही कडांना फट सारखी उघडली पाहिजे. एका बाजूने तिरकी होत असेल तर थांबा, परत दाबून सुरुवात करा. जॉइंटमध्ये पेचकस घालून उचकटायचं नाही. तिथे पडलेला एक ओरखडा कायमची हवेची गळती होऊन बसतो. दोन महत्त्वाच्या गोष्टी इथेच सांगून ठेवतो. केसचे दोन भाग कारखान्यात जोडी म्हणून एकत्र कापलेले असतात, भंगारातून एकच भाग आणून बसवला तर बेअरिंगची भोकं एका रेषेत येतील याची खात्री नाही. आणि इंजिन नंबर केसवरच असतो. दुसऱ्या गाडीची केस बसवली तर आरसी बुकाशी नंबर जुळणार नाही.

केस उघडली की लगेच काही बाहेर काढू नका. आधी ड्रम हाताने फिरवा. दुसऱ्या गिअरच्या जागी आला की कुठला फोर्क सरकतो, कुठलं चाक कुणाला जाऊन भिडतं ते बघा, फोटो घ्या. संशयित जोडी तीच. मग दोन्ही शाफ्ट, ड्रम आणि फोर्क एकत्र उचलून काढा, एकेक ओढायला गेलात तर अडकतात. शाफ्टच्या टोकांचे पातळ वॉशर बेअरिंगला तेलाने चिकटून मागे राहतात, ते शोधा. प्रत्येक शाफ्टवरची चाकं, वॉशर, सर्क्लिप निघतील त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने तारेत ओवून ठेवा.

डॉग तपासताना चाक धुऊन खिडकीपाशी धरा आणि हळूहळू फिरवा. चांगल्या डॉगचा कोपरा उजेडात एक बारीक रेघ दाखवतो. गेलेल्या डॉगचा कोपरा रुंद चमकती पट्टी दाखवतो. ती पट्टी १ मिमीच्या आसपास आली असेल तर चाक बदला. डॉग आणि ज्यात तो अडकतो ते समोरचं चाक, दोन्ही बरोबरच बदलायचं. जुन्या गोल कोपऱ्यावर नवा डॉग लावला तर काही महिन्यांत तोही गोल होतो. डॉग कानशीने किंवा ग्राइंडरने 'धार लावून' देणारे भेटतील, वेल्डिंगने भरून देणारेही भेटतील. चाकाचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. घासला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं, वेल्डिंगच्या उष्णतेने थराचा कडकपणाच जातो. दोन्हींत पैसे वाया.

फोर्कची दोन्ही टोकं व्हर्निअरने मोजा. एक टोक दुसऱ्यापेक्षा ०.२ मिमी जरी पातळ असलं तरी फोर्क वाकलेला आहे, एकाच टोकावर घासतोय. निळा डाग दिसला तर मोजायचीही गरज नाही. फोर्क ठोकून सरळ करू नका. फोर्कची पिन आणि ड्रमच्या खाचेचे वळणाचे कोपरे नखाने चाचपा, खाच तुटलेली असेल तर ड्रमही जातो. आणखी एक कारण फार जण चुकवतात : मागच्या कुणीतरी एखादा वॉशर घातलेलाच नसतो, किंवा सर्क्लिप पसरून खाचेतून अर्धी बाहेर आलेली असते. मग चाक आपली जागा सोडतं आणि डॉग पूर्ण खोलवर अडकत नाहीत. डॉग चांगले असूनही गिअर उडत असेल तर दोष इथे असतो.

पार्ट आणायला जाताना जुनं चाक खिशात घाला. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ बनली, आता नवा माल बराचसा नकली किंवा आरएक्सजी-आरएक्स १३५चा असतो. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याला दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणेल. दात मोजा, शाफ्टवर बसणाऱ्या भोकातल्या खाचा मोजा, डॉगची उंची जुन्याशी लावून बघा. पाच गिअरच्या संचातलं एखादं चाक चार गिअरच्या संचात घुसवायचा प्रयत्न नको.

केस उघडलीच आहे तर हे सगळं बदला, चांगलं दिसत असलं तरी : क्रँकची दोन्ही सील, स्प्रॉकेटमागचं सील, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं आणि किक शाफ्टचं सील, सगळ्या सर्क्लिप, सगळी पॅकिंग. बेअरिंग पेट्रोलने धुऊन, तेल न लावता हाताने फिरवा. खरखर लागली तर बदला. नवं घेताना जुन्यावर कोरलेला नंबर पूर्ण वाचा, क्रँकच्या बेअरिंगवर सी३ (आतल्या ढिलाईचं चिन्ह) असेल तर तेही जुळलं पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग भिरभिरवू नका.

बेअरिंग काढ-घालीला केस साधारण १०० अंशांपर्यंत तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडायला हवा. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर जवळजवळ स्वतःच्या वजनाने बसतं. ठोकायची वेळ आलीच तर बाहेरच्या रिंगवरच ठोका. बेअरिंग थंड केसमध्येही हाताने सैल बसत असेल तर जागा घासली आहे. ते काम लेथवाल्याचं, चिकटवणारं औषध घालून भागवू नका.

जोडणीत सर्क्लिपकडे बारकाईने बघा. पंच करून कापलेल्या सर्क्लिपची एक कड गोलसर आणि एक धारदार असते, नख फिरवलं की कळतं. चाक ज्या बाजूने ढकलणार त्या बाजूला गोलसर कड, धारदार कड उलट बाजूला. शाफ्टवर चढवताना गरजेपुरतीच उघडा. बसल्यावर ती खाचेत बोटाने फिरवून बघा, पूर्ण फिरली तर बसली. प्रत्येक चाकाला, फोर्कला तेल लावून बसवा, कोरडं काही नको.

क्रँक केसमध्ये ठोकून बसवायचा नाही. त्याच्या दोन चकत्या मधल्या पिनवर दाबून बसवलेल्या असतात, एका हातोडीने त्या सरकतात आणि क्रँक डोलायला लागतो. बेअरिंग तापवून क्रँक सोडा किंवा ओढायच्या हत्याराने आत घ्या. सील बसवताना ओठाला ग्रीस लावा. क्रँकवरच्या चावीच्या खाचेला आणि आट्यांना टेप गुंडाळा, नाहीतर नवं सील तिथेच कापलं जातं. गाडी सुरू झाल्यावर ते कळतं.

आता चाचणी, आणि ती केस बंद करायच्या आधी. शाफ्ट, फोर्क, ड्रम बसवून एका हाताने शाफ्ट फिरवत दुसऱ्या हाताने ड्रम फिरवा, न्यूट्रलपासून चौथ्यापर्यंत आणि परत. शाफ्ट न फिरवता गिअर बदलायला गेलात तर डॉगवर डॉग येऊन अडेल, तो दोष नाही.

जॉइंटचे दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून कोरडे करा. सिलिकॉन इथे नको. पेट्रोलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे सुटून आत जातात. यामाहा बॉण्डसारखं, पेट्रोल सहन करणारं लिक्विड गॅस्केट घ्या आणि एकाच बाजूला, बोटाने पसरवलेला पातळ थर द्या. स्क्रू समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी ८ ते १० न्यूटन-मीटर. याहून जास्त ओढलं तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघून येतात. केस शेवटचे ४-५ मिमी बंद होत नसेल तर स्क्रूने ओढून घेऊ नका, आत वॉशर किंवा शाफ्ट आडवा आलेला आहे. घट्ट झाल्यावर क्रँक आणि शाफ्ट हाताने फिरवा. जड लागले तर टोकांवर रबरी हातोडीचा एखादा हलका ठोका देऊन बघा, आतला ताण सुटतो. तरीही जड असेल तर परत उघडा. हीच वेळ आहे, क्लच चढवल्यावर नाही.

क्लच हबच्या नटाचा लॉक वॉशर नवा. पुशरॉड आणि छर्रा आपल्या क्रमाने जाऊ द्या. छर्रा विसरला तर क्लच कितीही अ‍ॅडजस्ट केला तरी सुटत नाही. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, पिनची लॉक नवी.

इंजिन चढवण्याआधी गळती तपासा. इनटेक आणि एक्झॉस्टचं तोंड रबराचा तुकडा आणि पत्री लावून बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने ५ ते ६ पीएसआय हवा भरा, जास्त नको, सील उलटतात. काटा पाच-सहा मिनिटं जवळपास जागेवर राहिला पाहिजे. पडत असेल तर साबणाचं पाणी जॉइंटवर, ब्लॉकच्या पॅकिंगवर, मॅग्नेटमागच्या सीलवर लावा, बुडबुडे जागा दाखवतात. कुठेच बुडबुडा नाही आणि तरी काटा पडतोय तर क्लचकडचं सील. तेल भरायचं झाकण काढून तिथे कान लावा, फुसफुस ऐकू येते.

गिअर ऑइल साधारण ६५० मिली, मोजपात्राने. फोर-स्ट्रोक बाइकचं, डब्यावर जासो एमए लिहिलेलं घ्या. क्लच याच तेलात बुडालेला असतो, कारच्या तेलाने तो घसरतो. टूटी ऑइल इथे कधीच नाही. पहिलं तेल २०० ते ३०० किमीला काढून पुन्हा त्याच पांढऱ्या ताटलीत बघा. राखाडी मलम थोडं येईलच, नव्या चाकांची ती घसट आहे. कपची दिसली तर पुढे चालवू नका, केसमध्ये जुनी राहिली होती की नवी निघाली ते आधी ठरवा : जुनी काळपट असते, नवीची मोड पांढरी चमकते.